संशयाचा शूल

अन्याय दोन प्रकारचे असतात. एक क्रोधाने, लोभाने किंवा द्वेषाने जाणूनबुजून केलेला. दुसरा, आपण न्यायच करीत आहोत अशा समजुतीने केलेला. पहिल्या प्रकारात कर्त्याला निदान एकांतात तरी आपल्या कृत्याची टोचणी लागण्याचा संभव असतो. दुसऱ्या प्रकारात तीही वाट बंद झालेली असते. कारण तेथे अधर्म धर्माचे वस्त्र पांघरून बसलेला असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात बुद्धीचे जे तीन भेद सांगितले आहेत, त्यांपैकी तामसी बुद्धीचे लक्षण हेच, की ती अधर्मालाच धर्म मानते. अपराध्याचा शोध घेणे हे राजधर्माचे आवश्यक अंग होय. त्यावाचून प्रजेचे रक्षण होणार नाही. परंतु त्या शोधात एखाद्याच्या कृतीऐवजी त्याची कातडी, त्याचे कूळ किंवा त्याची वस्ती हाच पुरावा मानला गेला, तर कोणते पाप घडते. आणि ते घडून गेल्यावर त्याचे परिमार्जन कोणी व कसे करावे, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

प्रश्न केवळ तात्त्विक राहू नये, म्हणून प्रत्यक्ष घडलेली एक हकीकत वाचकांपुढे ठेवतो. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टन हे विद्येसाठी नावाजलेले शहर आहे. तेथे २३ ऑक्टोबर १९८९ च्या रात्री चार्ल्स स्ट्युअर्ट नावाचा एक गौरवर्णीय गृहस्थ आणि त्याची ७ महिन्यांची गर्भवती पत्नी कॅरल ही दोघे रुग्णालयातील प्रसूतिपूर्व शिकवणीचा वर्ग आटोपून मोटारीने निघाली होती. थोड्याच वेळात चार्ल्सने मोटारीतील टेलिफोनवरून पोलिसांना कळविले, की आम्हा दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. मोटार मिशन हिल नावाच्या वस्तीत सापडली. कॅरलच्या मस्तकात गोळी लागली होती. काही तासांतच तिचे प्राण गेले. शस्त्रक्रिया करून बाहेर काढलेले बालक १७ दिवस जगले. चार्ल्सच्या पोटात गोळी होती, तो वाचला. त्याने सांगितले, की एका कृष्णवर्णीय माणसाने मोटारीत शिरून आम्हांला लुटले आणि गोळ्या झाडल्या.

शहर हादरून गेले, आणि ते हादरणे स्वाभाविकच होते. महापौर रेमंड फ्लिन यांनी हाती असतील तेवढे सारे तपासी अधिकारी या कामी लावण्याचा हुकूम दिला. मिशन हिलमध्ये पुष्कळ कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती. तेथील तरुणांना रस्त्यात अडविणे, भिंतीशी उभे करणे, चारचौघांत कपडे उतरवून झडती घेणे असे प्रकार दिवसामागून दिवस चालले. आधी एका कृष्णवर्णीय तरुणाला संशयावरून कैदेत ठेवण्यात आले. पुढे रोख दुसऱ्या एका माणसाकडे वळला. २८ डिसेंबर रोजी ओळखपरेड झाली आणि तीत चार्ल्सने त्या दुसऱ्या माणसाकडे बोट दाखविले. त्याच्या म्हाताऱ्या आईच्या घराची झडती झाली. साऱ्या देशाच्या वृत्तपत्रांत त्याचे नाव खुनी म्हणून गाजले. त्या दोघांची नावे मी येथे मुद्दाम लिहीत नाही. जी नावे एकदा अशा रीतीने घरोघर पोहोचविली गेली, ती आपल्या घरापर्यंतही त्याच संदर्भात पोहोचविण्याचे कारण नाही.

३ जानेवारी १९९० रोजी चार्ल्सचा सख्खा भाऊ पोलिसांकडे गेला. त्या रात्री पिस्तूल आणि कॅरलची पर्स लांबविण्यास आपण हातभार लावल्याचे त्याने कबूल केले. गोळ्या झाडणारा कोणी अनोळखी मनुष्य नव्हता. पतीनेच पत्नीचा वध केला होता आणि खोटे खरे भासावे म्हणून स्वतःलाही जखम करून घेतली होती. दुसऱ्या दिवशी चार्ल्सचे प्रेत नदीत सापडले. पुलावरून उडी टाकून त्याने जीव दिला होता. जो कृष्णवर्णीय मारेकरी ७० हून अधिक दिवस शहर धुंडाळीत होते, तो कधी जन्मालाच आलेला नव्हता.

येथे पहिला प्रश्न असा, की या असत्याचे पाप कोणाचे? चार्ल्सचे तर होतेच. पण विचार करावा, की पत्नीचा घात करून बसलेल्या त्या माणसाने पोटात गोळी असताना, काही क्षणांच्या अवधीत, नेमके हेच असत्य का निवडले? कारण आपल्या नगरात कोणते असत्य खपेल हे त्याला पक्के ठाऊक होते. खोटे नाणे पाडणारा मनुष्य बाजारात कोणते नाणे न वाजविता घेतले जाते हे आधी पाहतो. काळ्या माणसाने गोळी झाडली, हे नाणे त्या बाजारात कोणीही वाजवून पाहत नव्हते. त्याच वर्षी, या खुनाच्या आधी, तेथील एका न्यायाधीशाने असा निर्णय दिला होता, की रॉक्सबरी या शेजारच्या भागात टोळीतले म्हणून केवळ संशय असलेल्या तरुणांची दिसताक्षणी झडती घेण्याची पोलिसांची पद्धत घटनाविरुद्ध आहे. म्हणजे भूमी नांगरून तयार होती. चार्ल्सने फक्त बी टाकले. बी टाकणाऱ्याचे पाप त्याचे त्याला. पण नांगरणीचे पाप नगराचे, आणि आपला विचार मुख्यतः त्या पापाचा आहे.

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच शिकवितात, की पदार्थ ओळखण्यासाठी त्याचे निर्दोष लक्षण सांगावे लागते, आणि लक्षणाचे दोष तीन आहेत. जिला शिंगे ती गाय, असे म्हटले तर म्हैसही गाय ठरेल, ही अतिव्याप्ती. जी कपिला तीच गाय, असे म्हटले तर काळी व पांढरी गाय सुटून जाईल, ही अव्याप्ती. आणि जिचे खूर अखंड ती गाय, असे म्हटले तर ते लक्षण एकाही गायीला लागू पडणार नाही, हा असंभव. पाठशाळेत हे घोकताना हा केवळ शब्दांचा खेळ वाटतो. पण बॉस्टनच्या तपासात हे तिन्ही दोष एकत्र नांदले आणि प्रत्येकाने माणसांचा बळी घेतला. काळा वर्ण हे लक्षण खऱ्या अपराध्याच्या ठिकाणी नव्हतेच; हा असंभव. ते लक्षण हजारो निरपराध्यांच्या ठिकाणी होते. ही अतिव्याप्ती, जिच्यापायी मिशन हिलचे तरुण भिंतीशी उभे राहिले. आणि जो त्या लक्षणात बसत नव्हता तो गौरवर्णीय पती संशयाच्या कक्षेबाहेर राहिला. ही अव्याप्ती, जिच्यापायी खरा घातकी रुग्णालयात सहानुभूतीची पत्रे घेत पडून राहिला. यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. ज्यांना वाटते की असा संशय नीतीला सोडून असला तरी व्यवहाराला उपयोगी आहे, त्यांचा समज निराधार आहे. जे लक्षण निरपराध्याला पकडते तेच अपराध्याला सोडते. एकच चूक दोन्ही अनर्थ करते.

यावर कोणी म्हणेल, की बॉस्टनमध्ये फिर्यादीच लबाड निघाला. फिर्यादी सत्यवादी असता तर पोलिसांचे वागणे योग्य ठरले नसते काय? हा आक्षेप बलवान आहे, म्हणून दुसरी हकीकत पाहू. न्यूयॉर्क राज्यात ओनिओन्टा नावाचे लहानसे गाव आहे. गावात सुमारे १०,००० लोकवस्ती आणि एक सरकारी महाविद्यालय. कृष्णवर्णीय लोक गावात ३०० हूनही कमी. ४ सप्टेंबर १९९२ च्या मध्यरात्रीनंतर तेथे ७७ वर्षांच्या एका वृद्ध स्त्रीवर घरात शिरून हल्ला झाला. तिने प्रामाणिकपणे सांगितले, की तोंड दिसले नाही. पण हात दिसला त्यावरून तो मनुष्य कृष्णवर्णीय होता, चपळपणावरून तरुण वाटला, आणि झटापटीत त्याच्या हाताला सुरी लागली आहे. पोलिसांनी महाविद्यालयाकडून सर्व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या नावांची यादी मागितली आणि महाविद्यालयाने ती दिली. एकेका विद्यार्थ्याला गाठून चौकशी झाली. त्यातून काही निष्पन्न होईना, तेव्हा पुढे कित्येक दिवस गावातील २०० हून अधिक कृष्णवर्णीय व इतर अश्वेत लोकांना रस्त्यात अडवून त्यांचे हात तपासण्यात आले. शोध एका पुरुषाचा चालला असताना, महाविद्यालयातच नोकरीस असलेल्या एका कृष्णवर्णीय महिलेलाही बसमध्ये चढण्यापूर्वी ओळखपत्र दाखविणे भाग पडले. अपराधी सापडला नाही.

येथे फिर्यादी खरी, दुःख खरे, पोलिसांचा हेतूही अपराधी शोधण्याचाच. विद्यार्थ्यांनी दाद मागितली. २००० साली तेथील अपील न्यायालयाने असे ठरविले, की पोलिसांनी फिर्यादीने सांगितलेल्या वर्णनाचा पाठपुरावा केला आणि त्या वर्णनात वर्ण हा एकटाच भाग नव्हता. म्हणून समान संरक्षणाच्या घटनात्मक तत्त्वाचा भंग झाला नाही. मात्र काही जणांना रस्त्यात अडवून धरल्याबद्दलच्या तक्रारी पुढे चालविण्यास न्यायालयाने वाव ठेवला. कायद्याचा निर्णय कायद्याच्या जागी. धर्माचा प्रश्न मात्र तेवढ्याने संपत नाही. फिर्यादीने सांगितलेल्या खुणा चार होत्या: पुरुष, तरुण, कृष्णवर्णीय आणि हाताला जखम. स्त्रीला अडविले, तेव्हा पहिली खूण गळून पडली. सरसकट सर्वांना अडविले, तेव्हा दुसरीही गळाली. उरली एकच खूण, आणि तिच्या आधारे माणसाला आधी संशयित ठरवून मग त्याच्या हातावर जखम शोधण्यात आली. वर्णनाचा उपयोग करणे वेगळे आणि वर्णालाच पुरावा करणे वेगळे. या दोहोंमधील सीमारेषा तपास करणाऱ्याला पुष्कळदा दिसत नाही. ज्याला अडविले जाते त्याला ती पहिल्याच क्षणी दिसते.

मग पोलिसांनी करावे तरी काय? साक्षीदाराने कृष्णवर्णीय म्हणून सांगितल्यावर गोऱ्या माणसांची चौकशी करावी काय? नाही, कोणीही सुज्ञ मनुष्य असे म्हणणार नाही. पण धूर पाहून अग्नीचे अनुमान करणे रास्त ठरते, ते धूर व अग्नी यांचा अव्यभिचारी संबंध असतो म्हणून. केवळ पर्वत दिसला म्हणून वणव्याची हाकाटी करणारा मनुष्य अनुमान करीत नसतो, भीती बोलून दाखवीत असतो. एखाद्याला अडविण्यापूर्वी त्याच्याच विषयीचे, त्याच्याच कृतीशी जोडलेले असे काही कारण हाती असले पाहिजे: तो त्या वेळी तेथे होता, त्याच्या हाताला जखम दिसली, त्याने काही लपविले. समूहाकडे बोट दाखविणारी खूण तपासाची दिशा सुचवू शकेल. व्यक्तीच्या अंगावर हात टाकण्याचा अधिकार ती देऊ शकत नाही. गीतेने तामस ज्ञानाचे जे स्वरूप वर्णिले आहे, तेही हेच आहे: एका तुकड्याला सर्वस्व समजून, कारणाचा विचार न करता, त्यालाच चिकटून बसणारे क्षुद्र ज्ञान. कातडीचा रंग हा माणसाचा केवढासा तुकडा!

आता दुसरा आणि अधिक कठीण प्रश्न. पाप घडून गेले, पुढे काय? महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. ऋषी मौनव्रत धरून आश्रमाच्या द्वाराशी तप करीत होते. चोर पळत आले, त्यांनी मुद्देमाल आश्रमात दडविला आणि स्वतःही तेथेच लपले. राजाचे रक्षक मागोमाग आले. त्यांनी विचारले, ऋषी बोलले नाहीत. आश्रमात चोर व माल सापडताच रक्षकांनी मौनालाच कबुली मानले, आणि राजाने चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढविले. पुढे सत्य कळल्यावर राजा धावत आला, पाया पडला. ऋषींनी त्याला क्षमा केली. परंतु सूळ काही केल्या अंगातून निघेना. शेवटी तो बाहेरून कापून टाकावा लागला. आतला तुकडा तसाच राहिला, तो घेऊनच ऋषी जगले, आणि म्हणूनच त्यांचे नाव अणीमांडव्य पडले.

या कथेचे जे मर्म मला वाटते ते असे. राजाची क्षमायाचना खरी होती, ऋषींची क्षमाही खरी होती. तरीही शूल आत राहिला. क्षमा झाली म्हणजे घाव नाहीसा झाला, असे मानण्याचा जो आपला स्वभाव आहे, त्याला व्यासांनी येथे मोडता घातला आहे. शिवाय क्षमा करूनही ऋषी स्वस्थ बसले नाहीत. ते धर्मराजाच्या सभेत गेले आणि कोणत्या कर्माचे हे फळ, असा जाब त्यांनी विचारला. मिळालेले उत्तर अपराधाच्या मानाने दंड फार मोठा असल्याचे सांगणारे निघाले, तेव्हा त्यांनी प्रत्यक्ष धर्माला शाप दिला आणि बालकाच्या कृत्याला पाप मानू नये अशी नवी मर्यादा घालून दिली. क्षमेने वैर संपते, प्रश्न संपत नाही. अन्याय ज्या नियमातून जन्मला तो नियम बदलेपर्यंत तो प्रश्न विचारण्याचा अधिकार पीडिताला राहतो.

बॉस्टनला हा राजाचा मार्ग चालायला फार वेळ लागला. १९९० च्या डिसेंबरात राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या अहवालाने झडत्यांचे ते प्रकार गैर व घटनाविरुद्ध असल्याचे नमूद केले. पण नगराच्या मुखातून औपचारिक क्षमेचा शब्द आला तो २० डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे ३४ वर्षांनी. महापौर मिशेल वू यांनी त्या दोन पुरुषांची, त्यांच्या कुटुंबांची आणि नगरातील कृष्णवर्णीय नागरिकांची जाहीर क्षमा मागितली. २०२५ साली नगराने त्या दोघांना मिळून दीड लाख डॉलर देण्याचे मान्य केले. पहिला तरुण पकडला गेला तेव्हा वू अवघ्या ४ वर्षांच्या होत्या, आणि बॉस्टनमध्ये जन्मलेल्याही नव्हत्या. मग त्यांनी कोणत्या नात्याने क्षमा मागितली? ज्याचे कर्म त्याला फळ, हा आपला सिद्धांत. एकाच्या पापाचे प्रायश्चित्त दुसऱ्याने कसे घ्यावे?

गृहस्थाला याचे उत्तर अवघड वाटू नये. वडिलांनी कुटुंबासाठी काढलेले ऋण मुलाने फेडावे, असे धर्मशास्त्र सांगते. मुलाने ते कर्ज काढले नाही, तो कदाचित तेव्हा पाळण्यातही नसेल. पण ज्या घरात तो राहतो, ज्या शेताचे धान्य तो खातो, त्यावरच ते कर्ज आहे. वारसा घ्यायचा आणि ऋण नाकारायचे, हा व्यवहार कोणत्याही पंचायतीत टिकणार नाही. राज्य, नगर, पोलीसखाते, महाविद्यालय या संस्था अशाच आहेत. माणसे बदलतात, आसन तेच राहते. त्या आसनाचा मान, अधिकार व पूर्वजांची कीर्ती जो घेतो, त्याने त्या आसनाचे ऋणही घेतले पाहिजे. मिशेल वू यांनी आपले पाप कबूल केले नाही, कारण ते त्यांचे नव्हतेच. त्यांनी नगराचे ऋण कबूल केले.

इंग्रजीतील या विषयाचे लेखन मराठीत आणताना शब्दांची जी ओढाताण होते, तीही बोधप्रद आहे. अशा घटनेनंतर समाजाने पुन्हा एकत्र येणे, याला मराठीत 'समेट' म्हणावे, तर समेटात दोन्ही पक्षांनी थोडी थोडी माघार घ्यायची असते. येथे निरपराध्याने कशाची माघार घ्यायची? 'तडजोड' हा शब्द त्याहून वाईट. 'दिलजमाई' म्हणावे, तर ती दोन मने समान पातळीवर आल्यावर व्हायची. एक मन अजून भिंतीशी उभे असताना ती होत नाही. आपल्या परंपरेतला नेमका शब्द 'प्रायश्चित्त' हाच, आणि धर्मशास्त्रकारांनी त्याची अंगे सांगितली आहेत: मनात अनुताप, चारचौघांत पापाचे ख्यापन, यथाशक्ती दान, आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चय. यांतील ख्यापनावर गृहस्थांनी विशेष लक्ष द्यावे. ज्याची अप्रतिष्ठा चव्हाट्यावर झाली, त्याची क्षमा माजघरात मागून चालत नाही. आणि निश्चय हे अंग सुटले, तर उरलेली तिन्ही अंगे केवळ उपचार होत.

आणि क्षमा करणाऱ्याचे काय? क्षमेचे माहात्म्य आपण सर्वच जाणतो. पण त्या माहात्म्याचा एक दुरुपयोग वारंवार होतो. अपराधी पक्ष क्षमा मागून झाल्यावर पीडिताकडे अपेक्षेने पाहतो आणि त्याने ती तत्काळ दिली नाही, तर त्यालाच कठोर ठरवितो. हे बरे नव्हे. क्षमा मागणे हे कर्तव्य आहे. क्षमा करणे हे दान आहे. दान मागण्याचा हक्क याचकाला असतो, वसूल करण्याचा नसतो.

असे दान करणारेही त्या शहरात होते, आणि ते अनपेक्षित ठिकाणी होते. कॅरलच्या माहेरच्या लोकांची मुलगी गेली, नातू गेला, आणि जावई म्हणून ज्याला आपले मानले तोच घातकी निघाला. त्यांनी कोणावर अन्याय केला नव्हता; मिशन हिलच्या रहिवाशांप्रमाणे तेही त्याच असत्याने फसविले गेले होते. सत्य उघड झाले त्याच महिन्यात, जानेवारी १९९० मध्ये, त्यांनी मुलीच्या नावाने एक निधी उभारला आणि त्यातून मिशन हिलच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी विद्यार्थिवृत्ती देण्यास आरंभ केला. २००६ पर्यंत सुमारे २२० विद्यार्थ्यांना १२ लाख डॉलर दिले गेले. ज्या वस्तीवर आपल्या लेकीच्या नावाने आळ घातला गेला, त्या वस्तीचे ऋण आपल्यावर आहे, असे त्या शोकमग्न माणसांना वाटले. नगराला जो शब्द उच्चारायला ३४ वर्षे लागली, तो त्यांनी तीन आठवड्यांच्या आत कृतीने उच्चारला. दोष नसतानाही जो ऋण मानतो, त्याच्यापाशी समत्व केवळ पोथीत राहिलेले नसते.

स्वामी विवेकानंद याच प्रदेशात १८९३ साली काही दिवस राहून मग शिकागोच्या परिषदेला गेले. त्यांचे चरित्रकार सांगतात, की अमेरिकेच्या प्रवासात त्यांना कृष्णवर्णीय समजून कित्येक ठिकाणी हाकलून दिले गेले. पण आपण त्या वंशाचे नाही असे सांगून त्यांनी कधी सुटका करून घेतली नाही. दुसऱ्याला खाली ढकलून आपण वर चढणे त्यांना मान्य नव्हते. संशय चुकीच्या माणसावर आला, एवढेच म्हणणे अपुरे आहे. असा संशय कोणावरच येऊ नये, असे म्हणता आले पाहिजे. आत्मौपम्य म्हणतात ते हेच.

हे सारे वाचून अमेरिकेविषयी हळहळणे सोपे आहे. परंतु जन्मावरून अपराधी ठरविण्याचा कायदा आपल्याही देशात ८१ वर्षे चालू होता. १८७१ साली इंग्रज सरकारने जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यानुसार संपूर्ण जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदविल्या गेल्या. पोलिसांकडे हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, असा त्यांना निर्बंध होता. सोलापूरसारख्या ठिकाणी तर तारेच्या कुंपणात वसाहती उभारून त्यांना ठेवले होते. कायदा परकीयांनी केला हे खरे. पण तो चालला तो आपल्या गावच्या पाटलाच्या साक्षीने आणि आपल्या शेजाऱ्यांच्या संमतीने. १९५२ साली तो रद्द झाला आणि त्या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले. कुंपणाची तार निघाली. नजरेची तार निघाली काय? गावात चोरी झाली की प्रथम पारध्याच्या पालाकडे पाहणारी दृष्टी आणि मिशन हिलकडे धावलेली दृष्टी, या दोहोंत शास्त्रदृष्ट्या काय अंतर आहे, ते वाचकांनीच ठरवावे.

आणि गाव तरी दूर कशाला? घरात एखादी बांगडी दिसेनाशी झाली, की पहिला संशय कोणावर जातो? मुलाबाळांवर नाही, पाहुण्यांवर नाही. भांडी घासायला येणाऱ्या मोलकरणीवर. कोणी तिला चोर म्हणत नाही. फक्त प्रश्न विचारण्याचा स्वर बदलतो, ती आत असताना कोणीतरी दाराशी उभे राहते, आणि तिला ते कळते. चार दिवसांनी बांगडी कपाटाच्या खणात कागदाखाली सापडते. घरभर आनंद होतो, देवापुढे साखर ठेवली जाते. तिला मात्र कोणी काही सांगत नाही. सांगायचे काय, आपण तिला कुठे काही म्हटले होते, असे मनाचे समाधान केले जाते. बॉस्टनचे सारे प्रकरण या स्वयंपाकघरात लहान आकारात पुन्हा घडलेले असते: तेच सदोष लक्षण, तोच निःशब्द आळ, तेच विस्मरण.

गृहस्थाच्या हाती महापौरपद नसते, पोलीसखातेही नसते. पण घर हे त्याचे राज्य आहे आणि तेथे त्याने राजधर्म पाळायचा आहे. संशय आला तर तो माणसाच्या कृतीवरून आला की त्याच्या कुळावरून, हे आधी स्वतःला विचारावे. कुळावरून आला असेल, तर त्याचा स्वर वाणीत उतरण्यापूर्वीच तो टाकून द्यावा. आणि तो बाहेर पडलाच असेल, तर ज्यांच्या देखत पडला त्यांच्याच देखत, घरातील मुलांना जवळ बोलावून, स्पष्ट शब्दांत त्या व्यक्तीची क्षमा मागावी. मालकाने मोलकरणीची क्षमा मागितलेली ज्या मुलाने पाहिली, त्याला समदर्शनाचा श्लोक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. ती बाई त्या वेळी काय बोलेल, हे तिच्यावर सोडावे. ती हसून विषय बदलील, कदाचित काहीच बोलणार नाही, किंवा दुसऱ्या महिन्यापासून येणेही बंद करील. शूल कापून टाकणे एवढेच आपल्या हाती असते. आत राहिलेला तुकडा घेऊन चालायचे आहे ते तिला, आणि तो आपण घातला आहे याचे स्मरण आपण ठेवायचे आहे.